मर्दनाची वेळ

खेळताना किंवा सराव करताना झालेल्या दुखापतीनंतर खेळाडूला पुन्हा मैदानात उतरण्याजोगा करणे आणि तशी दुखापत मुळातच टळावी म्हणून त्याच्या शरीराची आधीपासून तयारी करून घेणे, ही दोन कामे ज्या उपचारशाखेकडे सोपवली जातात तिला क्रीडा-उपचार म्हटले जाते. हाताने केलेले मर्दन, आखडलेल्या सांध्यांची चालना, शेक आणि थंडावा, आधारपट्ट्या, आणि मोजून-मापून वाढवत नेलेला व्यायाम ही तिची प्रमुख अंगे होत. महाराष्ट्रात यांपैकी पहिले अंग फार जुने आणि तालमीत गेलेल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले आहे, तर शेवटचे अंग शास्त्र म्हणून येथे गेल्या काही दशकांतच रुजले. या दोहोंचे परस्परांशी नाते काय, आणि दुखऱ्या जागी हात केव्हा लावावा व केव्हा लावू नये, हा या ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. मर्दन चांगले की वाईट हा वाद त्यामानाने निरर्थक आहे, कारण ज्या मांडीला तिसऱ्या आठवड्यात चोळल्याने आराम पडतो तीच मांडी पहिल्या दिवशी चोळल्यास कायमचे नुकसान होऊ शकते.

मर्दनाची परंपरा आयुर्वेदाच्या दिनचर्येपासून सुरू होते. तेल लावून अंग चोळण्याला अभ्यंग म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तो रोज करावा असे सांगितले आहे आणि व्यायामानंतर सर्वांग सुखावह रीतीने मर्दावे असाही निर्देश आहे. त्याच परंपरेने व्यायाम स्वतःच्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा अशी मर्यादा घातली आणि अजीर्ण झालेल्याने किंवा नुकतीच शोधनक्रिया झालेल्याने अभ्यंग टाळावा असे निषेधही घातले, ही गोष्ट मात्र अभ्यंगाचे गुणगान करणाऱ्या आजच्या लेखनात सहसा आढळत नाही. सुश्रुताने शरीरावरील १०७ मर्मे, म्हणजे जेथे इजा झाली असता प्राण किंवा अवयव धोक्यात येतो अशी स्थाने, सांगितली तीसुद्धा प्रामुख्याने शल्यकर्मात आणि आघातात काय जपावे हे कळावे म्हणून. ती दाबून रोग बरे करण्याच्या आजच्या प्रथांचा उगम थेट तेथे शोधणे धाडसाचे ठरेल.

कुस्तीच्या आखाड्यात ही परंपरा निराळ्या रूपाने नांदली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मल्लविद्या फोफावली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींतून पैलवानांच्या पिढ्या घडल्या. तालमीचा दिनक्रम पहाटेच्या जोर-बैठकांपासून सुरू होतो; त्यानंतर तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात लढती होतात आणि मेहनत संपली की मालीश होते. मालीश करणारा बहुधा दुसरा पैलवानच असतो. धाकट्याने थोरल्याचे अंग रगडायचे, पाठीवर व मांड्यांवर पायाने तुडवायचे, आणि हे करता करता कोणता स्नायू कोठून निघून कोठे जातो हे बोटांनी शिकायचे, अशी ती रीत आहे. या रीतीचा खरा लाभ तेलात किंवा चोळण्याच्या जोरात शोधण्यापेक्षा तिच्या नित्यनेमात शोधावा लागतो. रोज कोणीतरी जाणता हात सर्वांगावरून फिरत असल्यामुळे काल नसलेली सूज, एका बाजूला आखडलेला खांदा किंवा गुडघ्यामागची ठणक दुसऱ्याच दिवशी वस्तादाच्या कानावर जात असे. आधुनिक क्रीडासंघ खेळाडूकडून रोज सकाळी दुखण्याची आणि थकव्याची नोंद भरून घेतात. त्या व्यवस्थेचे काम तालमीत मालीश करीत असे, फरक इतकाच की तेथे कागद नव्हता.

जेथे ही परंपरा चुकली ते तिच्या कारणमीमांसेत. कोणतेही अचानक उठलेले दुखणे म्हणजे शीर चढली, नस सरकली, हाड हलले, असा अर्थ लावला गेला, आणि सरकलेली वस्तू जागेवर बसवायची तर जोर हवा, या तर्काने झटके देणे व कळ सोसेनाशी होईपर्यंत रगडणे हा उपचार ठरला. वास्तविक ज्याला शीर चढणे म्हणतात ते बहुतेक वेळा स्नायूचे अनैच्छिक आकुंचन असते. दुखावलेल्या सांध्याला हालचालीपासून वाचवण्यासाठी भोवतालचे स्नायू स्वतःहून ताठरतात. तेव्हा त्या ताठरपणालाच मूळ रोग समजून तो मोडून काढण्यात शरीराने केलेली संरक्षक तजवीज मोडली जाण्याचा धोका असतो.

युरोपातही आजच्या भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, जन्म मर्दनातूनच झाला आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन केली आणि वैद्यकीय हेतूने केलेल्या हालचालींचे एक शास्त्र मांडले. हलके लांबवर हात फिरवणे, स्नायू पकडून मळणे, एका जागी बोटे घासणे, थोपटणे अशी मर्दनाची जी वर्गवारी आज जगभर शिकवली जाते ती डच वैद्य योहान गेओर्ग मेझ्गर यांच्या परंपरेतली. पुढे १८९४ मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक धंद्यांचा त्या काळी तेथे बराच गाजावाजा झाला होता आणि आपल्या व्यवसायाला त्या बदनामीपासून वेगळे काढणे हा संस्थेचा एक स्पष्ट हेतू होता. याच संस्थेचे रूपांतर होत होत ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची सनदी संस्था बनली. भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी या विषयाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. म्हणजे मालीशवाल्याकडे किंचित तुच्छतेने पाहणारा आजचा पदवीधर उपचारतज्ज्ञ वंशाने मालीशवाल्यांच्याच घरातला आहे, हे दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मर्दनाने शरीरात नेमके काय घडते, याविषयी जितके आत्मविश्वासाने बोलले जाते तितके सिद्ध झालेले नाही. व्यायामानंतर स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल मालिशीने बाहेर निघते ही समजूत सर्वांत टिकाऊ, आणि ती चुकीची आहे. एक तर हे आम्ल व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआप ओसरते. दुसरे म्हणजे कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या २०१० च्या प्रयोगात मर्दनामुळे स्नायूतील रक्तप्रवाहाला उलट अडथळा येऊन त्याचा निचरा मंदावल्याचे दिसले. मेहनतीनंतर २४ ते ७२ तासांत जे अंग भरून येते त्याचे कारण या आम्लात शोधायचे नसून स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेत व तिच्या अनुषंगाने होणाऱ्या दाहात शोधायचे असते, आणि ती इजा विशेषतः स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागल्यास होते; उतार धावत उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या का धरतात याचे उत्तर हेच आहे. दाहाच्या बाबतीत मात्र मर्दनाच्या बाजूने काही पुरावा आहे. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये अकरा तरुणांच्या पायांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले असता, मर्दन केलेल्या पायात दाह वाढवणारे पेशीय संकेत कमी आणि पेशींची ऊर्जाकेंद्रे वाढवणारे संकेत अधिक आढळले. अकरा माणसांच्या प्रयोगावर सिद्धांत उभारता येत नाही, तरी ज्या दिशेने शोध घ्यावा ती दिशा त्यातून कळते.

खेळाडूच्या दृष्टीने अधिक उपयोगी निष्कर्ष शेफिल्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२० मध्ये काढला. २९ अभ्यास आणि १,०१२ व्यक्ती यांचा एकत्रित आढावा घेऊन त्यांनी असे दाखवले की मर्दनाने ताकद, उडी, वेग किंवा दमसास वाढल्याचा पुरावा नाही. लवचिकता आणि मेहनतीनंतरचे दुखणे यांत मात्र थोडी, पण निश्चित सुधारणा होते. दुखणे कमी होण्याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या वेदनाद्वाराच्या उपपत्तीत मिळते: स्पर्शाचा व दाबाचा संदेश नेणारे मज्जातंतू जागे झाले की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या पातळीवरच वेदनेच्या संदेशाची वाट अंशतः अडवली जाते. ठेच लागताच माणूस नकळत ती जागा चोळतो, ते याच कारणाने. हा आराम खरा असतो, पण तो मज्जासंस्थेत घडतो. मांडीवरचे जाड स्नायुवेष्टन हाताच्या दाबाने लांबवता येत नाही, हे २००८ मध्ये गणिताने दाखवले गेले आहे. त्या वेष्टनाला एक टक्का दाबायला लागणारे बलसुद्धा माणसाच्या हाताच्या आवाक्यापलीकडचे आहे. तेव्हा मालिशीनंतर अंग मोकळे झाले असे जे वाटते ते मुख्यतः मज्जासंस्थेने स्नायूंवरची पकड सैल केल्यामुळे, गाठी फोडल्यामुळे नव्हे. हे समजले की अंगावर काळेनिळे डाग उमटेपर्यंत जोर लावण्याचे समर्थन उरत नाही.

वेळेचा प्रश्न येथून सुरू होतो. फाटलेली कोणतीही मऊ ऊती, मग ती स्नायू असो, हाडाला हाड जोडणारा अस्थिबंध असो की स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा असो, तीन अवस्थांतून सांधली जाते आणि या अवस्था एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिले काही दिवस दाहाचे: रक्त साकळते, सूज येते, मृत पेशी साफ होतात. त्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवे तंतू घाईघाईने विणले जातात. ते दुबळे आणि दिशाहीन असतात. मग कित्येक महिने, कधी वर्षभर, त्या तंतूंची पुनर्रचना चालते आणि ज्या दिशेने त्यांच्यावर ताण पडतो त्या दिशेने ते जाड व सरळ होत जातात. पहिल्या अवस्थेत चोळल्यास नुकत्याच बंद झालेल्या केशवाहिन्या पुन्हा फुटतात. मराठीत ज्याला मुका मार म्हणतात, म्हणजे वरून जखम नाही पण आत स्नायू ठेचला गेला आहे अशी इजा, तिच्यात हा धोका सर्वांत मोठा असतो, कारण आतल्या रक्ताच्या गाठीत पुढे चक्क हाड तयार होऊ शकते. कोपराच्या इजेनंतर असे हाड तयार होण्यास मालीश हे एक कारण असल्याचे भारतीय अस्थिवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत नमूद आहे, आणि ज्यांचा कोपर त्यामुळे कायमचा अडकला अशा रुग्णांत लहान मुलेही असतात. हाडवैद्याने कांबींवर आवळून बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तपुरवठा तुटून बोटे वाकडी होण्याचा प्रकारही याच पाठ्यपुस्तकांतला आहे. याचा अर्थ प्रत्येक हाडवैद्य अडाणी असा काढणे अन्याय होईल. तथापि आतले हाड मोडले आहे की नाही हे केवळ स्पर्शाने ठरवण्याची त्यांची पद्धत आज टिकण्याजोगी नाही.

मग पहिल्या दिवसांत काय करावे? विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे हे चार उपाय अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये एका सुटसुटीत सूत्रात बांधले आणि ते जगभर पाठ झाले. पुढे मर्किन यांनी स्वतःच बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्याला विलंब लागू शकतो असे मान्य केले. बर्फाने वेदना कमी होते एवढे निर्विवाद आहे. पण दाह हा शत्रू नसून दुरुस्तीचा पहिला टप्पा आहे, त्यामुळे तो पूर्णपणे दाबून टाकण्याची घाई करू नये, असा सध्याचा कल आहे. पहिले दोन-तीन दिवस दुखावलेली जागा जपावी, हलकी दाबपट्टी बांधावी, आणि वेदना परवानगी देईल तितकी हालचाल लवकरात लवकर सुरू करावी, इतके बहुतेक तज्ज्ञांना मान्य आहे. या काळात दुखऱ्या जागेवर मर्दन नको. तिच्या वरच्या व खालच्या, निरोगी पण ताठरलेल्या भागांवर हलका हात फिरवण्यास हरकत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत सूत्रे भाराकडे जातात. भार म्हणजे ऊतीवर मुद्दाम, मोजून टाकलेला ताण. नव्या तंतूंना दिशा देण्याचे काम हात करू शकत नाही, ते हालचालच करते. मर्दनाने वेदना व ताठरपणा उतरला की खेळाडू तो भार सहजपणे घेऊ शकतो, आणि मर्दनाचे या काळातले प्रयोजन एवढेच आहे. कंडरांच्या जुनाट दुखण्यांत हे विशेष जाणवते. सचिन तेंडुलकर यांच्या ज्या टेनिस एल्बोची चर्चा २००४ साली घरोघरी झाली आणि ज्यावर २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, तो विकार मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या, कोपराच्या बाहेरील बाजूस चिकटणाऱ्या कंडरेचा असतो. अशा जुनाट दुखण्यात दाहापेक्षा झीज आणि विस्कटलेले तंतू अधिक आढळतात, म्हणून नुसत्या विश्रांतीने ते तात्पुरते शमते आणि खेळ सुरू होताच परतते. कंडरा हळूहळू बळकट होते; तिच्यासाठी आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा हिशेब धरावा लागतो. गुडघ्यातील पुढच्या तिरक्या अस्थिबंधाच्या बाबतीत तर हा हिशेब आकड्यांत मांडता आला आहे. नॉर्वेतील २०१६ च्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे आढळले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांना गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्नला उतरता आले नाही. त्या काळी अशा गुडघ्यासाठी ना आजची शस्त्रक्रिया होती, ना पुनर्वसनाचा असा आराखडा.

दुखापत टाळण्याच्या बाबतीत मर्दनाचा वाटा आणखी लहान आहे. डेन्मार्कमधील अभ्यासकांनी २०१४ मध्ये २५ चाचण्या आणि २६,६१० सहभागी यांचा जो आढावा घेतला त्यात ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाहून कमी झाल्या, अतिवापराच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या, आणि नुसत्या ताणाच्या व्यायामांचा, म्हणजे स्ट्रेचिंगचा, फायदा दिसला नाही. फुटबॉलसाठी फिफाने तयार करवलेला वीस मिनिटांचा सराव नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या संघांत एका हंगामात वापरला गेला तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. गुडघ्यांवर बसून, घोटे कोणाकडून तरी धरवून, धड हळूहळू पुढे सोडण्याचा जो नॉर्डिक व्यायाम आहे त्याने मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. या सर्वांमागचे तत्त्व एकच: स्नायू लांबत असताना भार पेलण्याची सवय त्याला आधीच लावून ठेवायची. सावकाश खाली बसत मारलेल्या बैठकेत हेच तत्त्व आहे. दुर्दैवाने तालमीत बैठकांचा आकडा जितका अभिमानाने सांगितला जातो तितका त्यांचा वेग आणि गुडघ्याची रेषा पाहिली जात नाही, आणि मांडीच्या पुढच्या भागाची अशी जंगी मशागत होत असता मागचा भाग उपेक्षित राहतो.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, ही बाब येथे दुर्लक्षून चालणार नाही. मातीत पाय किंचित सरकतो. गादीवर बुटाचा तळ रोवला जातो आणि धड वळले तरी पाऊल वळत नाही, त्यामुळे पिळाचा सगळा ताण गुडघ्यावर जातो. मातीत घडलेला पैलवान थेट गादीवर लढवण्याआधी दिशा बदलण्याचा आणि एका पायावर तोल सावरण्याचा सराव त्याला हवा. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू मांडी किंवा घोटा पकडला गेला असता सुटण्यासाठी वळतो, तेव्हाही हाच पीळ पडतो. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अंगाला तेलकट पदार्थ लावून गादीवर येता येत नाही, तेव्हा लढतीपूर्वीच्या तेलमालिशीची जागा तेथे अंग तापवणाऱ्या हालचालींनी घ्यावी लागते. स्वच्छतेचाही प्रश्न आहे: एकाच वाटीतले तेल आणि एकच पंचा सर्वांना वापरल्याने गजकर्ण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो, आणि तो झालेल्या पैलवानाला कित्येक दिवस जोडीशिवाय राहावे लागते.

उपचार करणाऱ्याच्या अधिकाराचा विषय अप्रिय असला तरी टाळता येणारा नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारतज्ज्ञांसह अनेक सहायक आरोग्य-व्यवसायांसाठी आयोगाची चौकट निर्माण झाली. तथापि तालमीतला किंवा जिममधला मालीश करणारा बहुधा अशा कोणत्याही चौकटीबाहेरच राहतो. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींचे लैंगिक शोषण केल्याचे सिद्ध होऊन २०१८ मध्ये त्याला दीर्घ कारावास झाला. पदवी आणि पद असलेल्या माणसाकडूनही हे घडू शकते. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि मुली मोठ्या संख्येने तालमींत येऊ लागल्या आहेत. अशा वेळी उपचारापूर्वी कोठे, कशासाठी व कसा स्पर्श होणार हे सांगून संमती घेणे, दार उघडे ठेवणे, आणि खेळाडूने सुचवलेली तिसरी व्यक्ती हजर असणे, या गोष्टी शिष्टाचार म्हणून न ठेवता नियम म्हणून लिहून ठेवाव्या लागतील.

तालुक्याच्या तालमीत किंवा शाळेच्या मैदानावर दुखापत सर्वांत आधी पाहतो तो मालीश करणाराच, आणि जवळचा क्रीडातज्ज्ञ अनेकदा शंभर किलोमीटरवर असतो. म्हणून या ग्रंथाची मांडणी तज्ज्ञाला समोर ठेवून केलेली नसून त्या पहिल्या हाताला समोर ठेवून केली आहे. दुखावलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नाहीत, हाडावर एका ठिकाणी दाबताच असह्य कळ येते, सांध्याचा आकार बदलला आहे किंवा इजेनंतर तासा-दोन तासांत गुडघा फुगला आहे, मानेच्या दुखापतीनंतर हातापायाला मुंग्या येतात, पोटरी एकाच बाजूला सुजून गरम लागते: यांपैकी एकही खूण दिसली तर तेलाची वाटी बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. शेवटच्या खुणेत शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते, आणि ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यू ओढवतो. यांपैकी काही नसेल, तर पहिले तीन दिवस कसे काढावेत, चौथ्या दिवसापासून हात कोठून कसा चालवावा आणि कोणत्या आठवड्यात किती भार द्यावा, याचा तपशील पुढील प्रकरणांत घोटा, गुडघा, मांडी, खांदा आणि मान अशा क्रमाने दिला आहे. बाह्यकर्णाच्या कूर्चेत रक्त साकळून कान कायमचा गुठळेदार होण्याचा पैलवानी विकार परिशिष्टात घेतला आहे, कारण त्यावर मालिशीचा काहीच उपाय चालत नाही आणि ते रक्त वेळेत डॉक्टरकडून काढून घ्यावे लागते.